आमची वाटचाल: गळती थांबवता थांबवता

सुरुवात गळतीने झाली. आम्ही दोघे भाऊ आणि एक मुरलेला गवंडी, एवढीच माणसं. पावसाआधी गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करायचं आणि पाऊस लागला की तक्रारी निस्तरायच्या, हेच आमचं वर्ष.

काही गच्च्यांवर बुजवलेल्या भेगा त्याच जागी पुन्हा उघडायच्या. माल हलका असेल म्हणून माल बदलला. भेगा तशाच. मग एकदा हिशेब मांडला. 30 मीटर लांबीचा काँक्रीटचा स्लॅब 30 अंशांनी तापला तर साधारण 9 मिलिमीटर वाढू पाहतो आणि निवला की आखडतो. हलत्या भेगेत आम्ही ताठ सिमेंट भरत होतो! उन्हाळे कडक होत चालले तशी ही ओढाताण वाढणारच. तेव्हापासून अशा भेगांत ताण सोसणारं सीलंट आणि वर ऊन परतवणारं पांढरं कोटिंग.

या कोटिंगने धंद्याची दिशाच बदलली. उघडं करडं काँक्रीट उन्हाचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा परतवतं, नवं पांढरं कोटिंग सुमारे 80 टक्के. पण पहिल्याच मोठ्या कामात आमची चूक झाली. उतार न तपासता कोटिंग मारलं. पाणी साचलं, त्यात धूळ बसली, शेवाळ धरलं आणि वर्षभरात अर्धी गच्ची काळवंडली. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "दिवसाचं सोसते रे, पण रात्री छत वाफा सोडतं, डोळा लागत नाही." स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री खोलीत सोडतो, हे आम्हाला पाठ होतं. त्याखाली झोपणाऱ्या माणसाचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला. उतार काढून ते काम आम्ही स्वतःच्या खर्चाने पुन्हा केलं.

2003च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेच्या लाटेने 70 हजारांहून अधिक माणसं गेली. थेट छपराखाली झोपणाऱ्या वृद्धांना धोका जास्त होता, असं फ्रान्समधल्या अभ्यासात दिसलं. हे वाचल्यापासून पाहणीला आम्ही दोनदा जातो, भर दुपारी आणि रात्री जेवणं झाल्यावर.

खिडक्यांबाबत आमचं मत ठाम आहे: ऊन काचेच्या बाहेरच अडवा. आतला पडदा तापतो तेव्हा उष्णता घरात शिरलेली असते. छज्जा, बाहेरची झडप, वेलाची जाळी, काहीही चालेल, पण बाहेर. थंड मुलखात मात्र पांढऱ्या छतामुळे हिवाळ्यातली ऊबही कमी होते. तिथे आधी छताला उष्णतारोधक थर द्या, असं आम्ही सांगतो, मग कोटिंगचं काम हातचं गेलं तरी चालेल.

पावसाचं गणितही बदललंय. हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे कोसळतो तेव्हा धो धो कोसळतो. जुने पाइप त्या मानाने बसवलेलेच नाहीत. म्हणून आता प्रत्येक गच्चीवर कठड्यातून दुसरी वाट काढतो. मुख्य तोंडापेक्षा चार बोटं वर, पुढे भिंतीबाहेर आलेली आखूड नळी, येता-जाता सहज दिसेल अशी. तिच्यातून एरवी पाणी यायलाच नको. आलं, तर खाली काहीतरी तुंबलंय असं समजायचं. खाली पाणी साचलं तर बुडू नये म्हणून विजेच्या मीटरची पेटीही शक्य तिथे वर उचलून घेतो.

गेल्या पावसात रात्री अकराला एका सोसायटीतून फोन आला, "तुमची ती वरची नळी वाहतेय." भाऊ म्हणाला, "आधी जाळी बघा, पण पाण्यात एकटे जाऊ नका." दोघं टॉर्च घेऊन वर गेले. जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली होती. ती काढली आणि दहा मिनिटांत गच्ची मोकळी झाली. सकाळी आम्ही जाऊन पाहिलं, खालच्या खोलीचं छत कोरडं होतं.