खणायचं की नाही खणायचं?

मे महिना आला की आमच्याकडे कुदळ बाहेर निघायचीच. वडिलांचा नियम होता, वळवाच्या पावसाआधी परसातली सगळी माती वीतभर खणून उन्हात तापू द्यायची, किडीचे कोष वर येतात, पक्षी टिपून खातात, आणि ते खरंच आहे, मी डोळ्याने बघितलंय. त्यामुळे मीपण दहा-बारा वर्षं तेच केलं.

पण आमची माती काळी, चिकट. एकदा पाऊस उघडल्यावर वाफसा यायची, म्हणजे माती खणण्याइतपत सुकायची, वाट न बघता दोन वाफे खणले आणि जी ढेकळं झाली ती वाळून विटेसारखी, खुरप्याने फुटेनात, त्यात टाकलेली मेथी निम्मीसुद्धा उगवली नाही. आणि हरळी! कुदळीने तिचे जेवढे तुकडे कराल तेवढ्या नवीन हरळ्या, लव्हाळ्याच्या गाठींचंही तेच, म्हणजे तण आपणच पसरवतो.

मग नेरळच्या सगुणा बागेतल्या चंद्रशेखर भडसावळेंची एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत वाचली. भातासाठी गादीवाफे एकदाच करायचे, पुढे नांगरट नाही की चिखलणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. ती कुजली की त्यांच्या जागी बारीक वाटा राहतात, हवा-पाणी खाली जातं, गांडुळांना खाऊ मिळतो. मला हे फार पटलं. त्यात तणाला ग्लायफोसेट हे तणनाशक मारतात, ते मात्र मला घरच्या भाजीत नको होतं, म्हणून हरळी आधी हाताने मुळासकट काढली, वर ओला पुठ्ठा, त्यावर शेणखत, मग उसाचं पाचट.

चौथं वर्ष आहे आता. त्या वाफ्यात बोट सहज आत जातं, भर एप्रिलमध्ये एक दिवसाआड पाणी पुरतं. पावसाळ्यात पाचटाखाली गोगलगाई होतात, त्या रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात, याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

पण गेटजवळ बांधकामाच्या वेळी मुरूम टाकून दाबलेली जागा आहे, तिथे नुसतं आच्छादन घालून दोन वर्षं वाट बघितली, काही झालं नाही, शेवटी टिकावच घ्यावा लागला. म्हणून माझं मत असं की घट्ट जागा पहिल्यांदा एकदा नीट खणा, खत मिसळा, आणि मग त्यावर पायसुद्धा देऊ नका.

हळदीच्या वाफ्याचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये, कारण काढणीला तो उकरावाच लागतो. यंदा काढून झाल्यावर लगेच चवळी टाकलीय.