पर्जन्यमापकाची वही

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे मुख्याध्यापकांचे पत्र आले, तेव्हा कौलारू इमारत, प्रार्थना, स्नेहसंमेलन या सगळ्यांच्या आधी मला आपले विज्ञानाचे सर आणि त्यांची पर्जन्यमापकाची वही आठवली.

पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला मागच्या अंगणातल्या पर्जन्यमापकातील पाणी मोजपात्रात ओतायचे, ते डोळ्यांच्या रेषेत धरून पाण्याच्या वक्र पृष्ठाची खालची कड वाचायची आणि आकडा वहीत लिहायचा, हे काम आठवीत माझ्याकडे होते. एका सोमवारी वहाळाला पाणी आल्याने मला उशीर झाला. तोवर कोणीतरी पाणी ओतून टाकले होते, म्हणून मी अंदाजाने 42 मिलिमीटर लिहिले. सर रागावले नाहीत. त्यांनी तांबड्या शाईने आकडा खोडला, रकान्यात माझ्याकडून ‘मोजले नाही’ असे लिहवून घेतले आणि माझ्या सहीशेजारी स्वतःचीही सही केली.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा मी मुंबईत निवासी डॉक्टर होतो. पाणी ओसरल्यावर लेप्टोचे, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे, रुग्ण येऊ लागले. ताप, पिवळे डोळे आणि काहींची लघवी जवळजवळ बंद. मूत्रपिंड बिघडले तरी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढायला वेळ लागतो, म्हणून आम्ही तासातासाला लघवी मोजत असू. दर किलो वजनामागे तासाला 0.5 मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग 6 तास होणे, हा तीव्र मूत्रपिंड इजेचा निकष मूत्रपिंडविकारांवरील ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. पुष्कळ जण सुधारून घरी गेले. परंतु मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींची दुरुस्ती अपुरी राहिली, तर तेथे तंतुमय ऊती वाढत जाते आणि तात्पुरता वाटलेला आजार कायमचा होऊ शकतो. हे कोणाच्या बाबतीत घडते, हाच पुढे माझ्या संशोधनाचा विषय झाला.

तीन महिन्यांनंतरच्या तपासणीला न आलेल्यांची गणना एके ठिकाणी ‘बरे झाले’ अशी केलेली मी पाहिली, ती मान्य केली नाही आणि त्यापायी पुष्कळ ऐकूनही घेतले. न आलेला रुग्ण हा घोणस चावून मूत्रपिंडाला इजा झालेला शेतकरी असू शकतो, ज्याला लावणीच्या दिवसांत एक रोज बुडवून एसटीने शहर गाठणे परवडत नाही. माझ्या तक्त्यांत अशा रकान्यात आजही ‘मोजले नाही’ असेच लिहिले जाते. हे सरांना सांगायचे राहून गेले, याची खंत आहे.

मागच्या अंगणात आता फरशा बसवल्या असून पर्जन्यमापक काढला आहे, असे कळले. वही मात्र प्रयोगशाळेच्या कपाटात असेल, तर कृपया ती रद्दीत देऊ नये. समारंभाला येईन तेव्हा मला तो सोमवार आणि त्याखालची सरांची सही पाहायची आहे.