हो, मस्त

गुरुवार, पहाटेचे ३.१०

परवा कोजागिरीला गच्चीवर सुहासने विचारलं, "आता तुलाही शांत झोप लागत असेल ना?" आणि मी म्हणाले, "हो, मस्त."

एवढंच. लगेच कोणीतरी भेळेत कांदा कमी असल्याचं काढलं, सी विंगवाल्यांच्या अंताक्षरीत 'ण' आल्यावरून भांडण लागलं आणि विषय गेला. माझ्या डोक्यातून मात्र जाईना. हातात मसाला दुधाचा कागदी ग्लास, वर धरलेली साय, आणि तोंडातून इतक्या सहज निघालेलं खोटं. त्याचा प्रश्न पुरता संपायच्या आत उत्तर तयार.

मस्त वगैरे काही नाही. सुहासच्या घोरण्यावरचं मशीन घरात आल्याला सात आठवडे झाले. तेव्हापासून रोज अडीच-तीनच्या सुमाराला मी टक्क जागी होते आणि मग साडेपाचपर्यंत छताकडे बघत पडते. 'को जागर्ति' विचारत लक्ष्मी वर्षातून एकदाच फिरते हे माझं नशीब. रोज फिरली असती तर आमच्या मजल्याच्या पुढे जायची तिला गरजच पडली नसती. परवाही बारा वाजायच्या आत अर्धी सोसायटी जांभया देत खाली गेली. मी ताजीतवानी, पातेली घासायला पुढे.

हो कशाला म्हणाले मी?

सुहासच्या घोरण्याबद्दल आता नव्याने काय सांगायचं. कोकणकन्येत वरच्या बर्थवरचा माणूस उतरून कोण आहे ते बघून गेला होता, ती गोष्ट आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात निघते आणि प्रत्येक वेळी मीच सांगते. तेवीस वर्षं. या तेवीस वर्षांत माझ्या हातून जे जे बिघडलं त्याला एकच कारण होतं. आमटीत मीठ दोनदा पडलं? रात्रभर झोप नाही. रेवावर उगाच ओरडले? झोप नाही. ऑफिसात हिशेब जुळेना, टीएमटीच्या बसमध्ये छत्री राहिली, ताईंना उलट बोलले (तेव्हाचं सगळंच मी झोपेवर ढकललं, सगळंच काही झोपेमुळे नव्हतं), झोप नाही गं बाई, ह्याच्या नाकामुळे. मधली दोन वर्षं तर मी त्याला हॉलमध्ये झोपायला लावलं. सोफा त्याला पुरत नाही. पाय बाहेर राहायचे.

मग उन्हाळ्यात त्याचं बीपी वाढलं आणि पाचपाखाडीतल्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला सांगितली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी एक बारीक नळी, आणि ते सगळं लावून आपल्याच पलंगावर झोपायचं. रिपोर्टमध्ये एकच आकडा मोठ्या अक्षरात होता: ३८. तासाला अडतीस वेळा ह्याचा श्वास अडतो किंवा अर्धवट होतो, प्रत्येक वेळी किमान दहा सेकंद. तीसच्या वर गेलं की तीव्र धरतात. डॉक्टर शांतपणे सांगत होते की घशातले स्नायू झोपेत सैल पडतात, वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा करतो, माणसाला सकाळी ह्यातलं काही आठवत नाही. सुहास 'मला कुठे काय होतं' अशा चेहऱ्याने ऐकत होता. मी टेबलावरचा पेपरवेट बघत होते. अडतीस. मला साधारण तीस वाटले होते.

ह्या वाक्याकडे परत येते.

मशीन आलं. सीपॅप. चपलांच्या खोक्याएवढं, बाजूला पाण्याची टाकी, त्यातून निघणारी राखाडी लवचीक नळी आणि नाकावर बसणारा मास्क. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, नळाचं घातलं तर क्षार धरतात. रोज रात्री साडेदहाला सुहास चष्मा काढून, जिभेचं टोक बाहेर ठेवून, त्या रेघेपर्यंत पाणी ओततो. देवाला निरांजन लावताना सुद्धा त्याने एवढं लक्ष दिलेलं मी पाहिलं नाही. मग मास्क. मग पट्ट्या. सकाळी गालावर दोन लाल रेघा घेऊन उठतो, साडेनवापर्यंत त्या राहतात. हवेच्या सौम्य दाबाने घशाची वाट उघडी ठेवायची, एवढंच ते मशीन करतं. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी १९८१ मध्ये हे पहिल्यांदा जगापुढे मांडलं, आणि सुरुवातीचं यंत्र व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीवर चालायचं म्हणे. सुहासला ह्याचं फार कौतुक. येईल त्याला सांगतो. पडद्यावर आता रोज २ किंवा ३ असा आकडा येतो. दुपारी डुलक्या घेणं थांबलंय. बीपी उतरलंय. माणूस सकाळी शीळ घालतो हो.

आणि खोलीत शांतता. तेवीस वर्षं मागितलेली. पंख्याचा आवाज, मशीनचा अगदी हलका सुस्कारा, बास.

पहिल्या रात्री मी २.४० ला जागी झाले. वाटलं, नवीन आहे. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या दिवसापासून मी आरोपी शोधायला लागले. घोडबंदर रोड हातात होताच. अवजड गाड्यांना दिवसा बंदी म्हणून ते सगळे कंटेनर रात्री सुटतात, गायमुखच्या चढावर एखादा बंद पडला की मागच्यांचे हॉर्न मानपाड्यापर्यंत. त्यात मेट्रोचं काम. खिडक्या बंद केल्या, तर उकाडा. ऑक्टोबरचा उकाडा घेतला. एसी लावला. मग ते दुसरं, या वयाच्या बायका लिफ्टमध्ये आवाज उतरवून बोलतात ते. ते आहेच, पण ते तर तीन वर्षं आहे.

उपायही झाले. जायफळाचं दूध. मोबाइल बाहेरच्या खोलीत. ताईंची काशाची वाटी माळ्यावरून काढली. तळपायाला तूप लावून त्या वाटीने गोल गोल घासायचं, उष्णता निघते, तूप काळं पडतं. काळं पडलं खरं. उष्णता निघाली की काशातलं तांबं उतरलं देव जाणे, चादरीवर मात्र दोन पावलं उमटली आणि ती अजून निघालेली नाहीत. पण ती पंधरा मिनिटं फार बरी गेली, हे कबूल. वाटी पायावर फिरताना येणारा तो घूं घूं आवाज. ताई शेवटच्या वर्षी रोज मला घासायला लावायच्या आणि मी घड्याळाकडे बघत घासायचे. असो.

शेवटी सुहासच्या फॉलोअपच्या वेळी, तो वजन करायला आत गेला तेवढ्यात, मी डॉक्टरांना हळूच विचारलं. माझ्यासाठी नाही, मैत्रिणीसाठी. डॉक्टर हसले नाहीत, चांगला माणूस आहे. म्हणाले, मैत्रिणीला सांगा, झोप येत नसेल तर पलंगावर पडून राहायचं नाही. वीस मिनिटं झाल्यासारखी वाटली की उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचायचं, पेंग आली की परत. पुन्हा जाग, पुन्हा उठायचं. पलंग म्हणजे जागरणाची जागा असं शरीर शिकलेलं असतं, ते विसरवायचं. ही पद्धत १९७२ पासून वापरात आहे आणि अशा झोपेला गोळीच्या आधी हीच शिस्त लावतात. दुसरं, मैत्रीण साडेदहाला आडवी होते आणि झोपते पाच तास, तर साडेदहाला जायचंच कशाला? साडेबाराला जा, उठायची वेळ मात्र रोज सहाच. चहा दुपारनंतर बंद. चहा-कॉफीतलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं, संध्याकाळी साडेसहाच्या कपातलं निम्मं रात्री बारालाही जागंच. आणि रात्री घड्याळ बघायचं नाही.

(वर वेळ लिहिली आहे ती मायक्रोवेव्हवर दिसली. मी बघितली नाही.)

म्हणून मी हॉलमध्ये. कंटाळवाणं वाचन म्हणून सोसायटीचा वार्षिक अहवाल घेतलाय. सिंकिंग फंडापाशी पेंग येते, पण पुढच्या पानावर पाण्याच्या टँकरांचा खर्च दिलाय आणि तो वाचला की झोप उडते.

आता त्या वाक्याकडे. अडतीस ऐकून मला धक्का का बसला नाही? कारण मी मोजत होते. मोजतेय हे मला माहीत नव्हतं, पण मोजत होते. लोकांना वाटतं घोरण्याने जाग येते. मला घोरण्याने कधीच जाग आली नाही. ट्रक चालू असतो तसं ते चालू असायचं. मला जाग यायची ते थांबल्यावर. एकदम काहीच नाही. मग मी अंधारात एक, दोन, तीन. आठपर्यंत नुसती पडून. दहाला कोपर तयार. बाराला ढोसायचे. मग तो एक मोठा आचका द्यायचा, कूस बदलायचा, गाडी परत सुरू, आणि मी झोपायचे. रोज. सकाळी 'काल जरा जास्तच घोरलास' म्हणायचे. श्वास थांबला होता असं कधी म्हणाले नाही. का नाही म्हणाले, ते आत्ता नको.

हॉलमधल्या त्या दोन वर्षांत दार पूर्ण लावू नको म्हणायचे मी. कारण सांगायचे मांजराचं. मांजर पहिल्याच वर्षी गेलं.

तर शांतता. आता घोरणं नाही म्हणजे माझ्या कानांच्या हिशेबाने श्वास थांबलाय, आणि तो रात्रभर थांबलेलाच आहे. कोपर तयार, आणि ढोसायचं कोणाला? तो तिकडे नळी लावून अर्भकासारखा झोपलाय. आजोबा भुईमुगावर जागलीला जायचे, रानडुकरांसाठी. शेत विकल्यावरही पुष्कळ वर्षं दोनच्या ठोक्याला उठून अंगणात काठी आपटत दोन फेऱ्या मारायचे. आजी कडी काढून द्यायची, काही बोलायची नाही. आम्ही मुलं हसायचो.

हे समजलं तरी 'हो, मस्त' समजत नाही. मशीनला पैसे पडले म्हणून? लोकांसमोर रडगाणं नको म्हणून? त्याने तो मास्क निम्मा माझ्यासाठी लावलाय म्हणून? हे सगळं चांगल्या बायकोसारखं वाटतं, त्यामुळे ते खरं नसणार. खरं असं असावं की मी 'नाही' म्हटलं असतं तर तेवीस वर्षांची केस उघडली असती. आमटीतल्या मिठापासून. सोफ्याबाहेरच्या पायांपर्यंत. नाकाचा आता पुरावाच उरलेला नाही, आणि बाई अजून जागीच.

सगळे झोपलेत आणि आपण एकटेच, हे फार वाईट असतं. रडूही येत होतं मघाशी. पण टँकरवर चार लाख?

झोपायला जाते. म्हणजे आडवी व्हायला.


शुक्रवार, संध्याकाळ

काल रात्री अहवाल टीपॉयवर उलटा ठेवून गेले होते आणि चष्मा त्याच्यावर. हे मला पक्कं आठवतंय, कारण टँकरचं पान हरवू नये म्हणून तसा ठेवला. सकाळी चष्मा डबीत होता. अहवाल कपाटात, जागेवर. सुहास पेपर वाचत होता, गालावर दोन रेघा.

मी काही बोलले नाही. तोही नाही. मी दिवसभर ऑफिसात हिशेब लावत बसले की हे आजच की सात आठवडे रोज. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवते तो सकाळी चार्जिंगला लावलेला सापडायचा. मला वाटायचं मीच लावते.

मला आधी रागच आला. माहीत होतं तर गच्चीवर सगळ्यांसमोर विचारायचं कशाला? आणि मी खोटं बोलले ते ऐकून वर भेळ खायची? नंतर बसमध्ये, माजिवड्याच्या पुलाखाली सिग्नल लागला होता तेव्हा, हसू यायला लागलं. बाजूच्या बाईने पर्स जवळ ओढून घेतली.

घरी आले तेव्हा सहा-पस्तीस झाले होते. सुहासने चहा टाकलेला. आलं जास्त, नेहमीप्रमाणे. स्वतःचा कप त्याने काठोकाठ भरला आणि माझ्या कपात दोन बोटं ओतून पातेलं खाली ठेवलं.

"एवढाच?"

"मैत्रिणीला चालणार नाही," तो म्हणाला आणि बिस्किटांचा डबा शोधायला लागला.