तुम्ही विचारलंत म्हणून: पातेलंभर चिलीचं माप

"चिली करताना मापं घेत नाही, मग ती दर वेळी जमते कशी?" हा प्रश्न नेहमीचा. कृती ठरलेली नसली तरी हिशेब ठरलेला असतो, आणि तो मांसापासून सुरू होतो.

चिली मूळची टेक्ससची. सुक्या मिरच्यांच्या वाटणात शिजवलेलं मांस, एवढाच तिचा गाभा. १९७७ पासून ती त्या राज्याचा अधिकृत पदार्थ आहे. तिथले कट्टर लोक तिच्यात राजमा खपवून घेत नाहीत. मी घालते, पंधरा माणसांचं पातेलं नुसत्या मांसावर भरलं तर खाणारे लवकर दमतात.

२ किलो मांसाला पाऊण ते एक किलो कांदा, १०० ग्रॅम सुक्या मिरच्या, पाऊण किलो टोमॅटो, अर्धा किलो सुका राजमा, लसणाच्या पंधरा पाकळ्या, भाजून कुटलेलं जिरं दोन मोठे चमचे, ओरेगानो एक चमचा. पातेलं जाड बुडाचं, आठ-दहा लिटरचं. यातलं काहीही थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. फक्त मिरच्या तिखटपणा बघून घ्यायच्या: आंचो आणि ग्वाहीयो या मेक्सिकन मिरच्या रंगासाठी आणि चवीसाठी, त्यांचाच भरणा, आर्बोल झणझणीत, दोन-तीन पुरे. देठ-बिया काढून कोरड्या तव्यावर दर बाजूला वीस-तीस सेकंद. वास सुटला की उतरवायच्या. काळा डाग पडलेली मिरची फेकून द्या, एकीचा कडवटपणा सगळ्या पातेल्यात उतरतो. मग अर्धा तास गरम पाण्यात भिजवून गुळगुळीत वाटायच्या. भिजवणीचं पाणी चाखून बघा, कडू असेल तर वाटताना साधं पाणी घ्या.

मोठा घाट घातला की बहुतेकांचं चुकतं ते इथे: सगळं मांस एकदम पातेल्यात पडतं. तळ थंड होतो, पाणी सुटतं, मांस तपकिरी व्हायच्या ऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडून करडं पडतं. अर्धा-अर्धा किलोचे चार घाणे करा. आधी टिपून कोरडं करा आणि टाकल्यावर तीन-चार मिनिटं ढवळू नका, हात शिवशिवला तरी. तळाला धरलेला तपकिरी थर हीच खरी कमाई. त्याच पातेल्यात कांदा परतला की तो सुटून येतो.

मांस खांद्याचं घ्यावं, दोन सेंटिमीटरचे तुकडे. त्यातले चिवट धागे सावकाश विरघळतात आणि रस्सा दाट होतो; अडीच ते तीन तास मंद आचेवर. खिम्याला दीड तास पुरतो. पाणी मात्र मापाच्या पटीत वाढवू नका. वाफ पातेल्याच्या तोंडातून जाते आणि तोंड तेवढंच असतं. मांस जेमतेम बुडेल इतकंच पाणी घाला, लागलं तर नंतर आहेच. मीठही आधी निम्मं. आटल्यावर ते आपोआप वाढतं.

राजमा वेगळा शिजवा. टोमॅटोच्या आंबटपणात कच्चा राजमा तासन् तास टणक राहतो. शिवाय लाल राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते मंद आचेवर जात नाही. रात्रभर भिजवून, पाणी बदलून आधी अर्धा तास खळखळून उकळा, मग मऊ होईपर्यंत शिजवा. पातेल्यात शेवटच्या अर्ध्या तासात.

तळ लागला तर खरवडू नका. वरचं अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा, ढवळायचा मोह आवरा. तिखट जास्त झालं तर साखरेने ते फक्त झाकतं. राजमा वाढवणं किंवा वर आंबट साय (सावर क्रीम) घेणं खरं उपयोगी. चव मिळमिळीत वाटली तर मसाला ओतण्याआधी मीठ बघा, मग चमचाभर व्हिनेगर. दहापैकी आठ वेळा मसाला कमी नसतोच.

उरलेली चिली पातेल्यात तशीच निवत ठेवू नका. एवढा साठा मधोमध कित्येक तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. उथळ भांड्यांत ओतून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी ती मुरून जास्त चांगली लागते, पण राजमा पाणी पिऊन बसलेला असतो. म्हणून गरम करताना आधी पातेल्यात अर्धी वाटी पाणी उकळायचं, मग वरून चिली.