एका हाताने उचलली तिजोरी
आज दिवसभर तिजोऱ्या बघितल्या. दागिन्यांसाठी छोटीशी, कपाटात मावणारी हवी होती. विक्रेत्याने ती एका हाताने उचलून दाखवली आणि तिथेच माझं मन उडालं. त्याला जमतं ते चोरालाही जमेल की! मागे बोल्टसाठी भोकं असतात, ती भिंतीत नाहीतर जमिनीत पक्की करायची, हे आजच कळलं. शिवाय आगीत टिकणारी वेगळी, फोडायला अवघड ती वेगळी. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, मोती मात्र त्याच्या कितीतरी आधीच खराब होतात. मग आईच्या मोत्यांच्या कानातल्यांचं काय? (आत दमटपणाही साठतो म्हणे, सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या.)

डिजिटल कुलपाची बॅटरी संपली तर वापरायची किल्ली कुठे ठेवायची? बायको म्हणाली, "तिजोरीतच." मी "बरं" म्हणालो. घरी पोचल्यावर दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला.