जांभा कोणी आणून टाकला?

आज नववीच्या मुलांना घेऊन उचगावच्या बाजूला एका शेतात चाललेली विहिरीची खोदाई पाहायला गेले. वर हातभर लाल माती, तिच्याखाली पुरुषभर जांभा म्हणजे लाल सच्छिद्र दगड, मग चिकट पांढरट-पिवळी माती आणि तळाशी काळा दगड, असा काप स्वच्छ दिसत होता. थर उलथलेले नसतील तर खालचा आधीचा व वरचा नंतरचा, हा डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये मांडलेला नियम मुलांना पाठ असल्यामुळे सर्वांनी तळापासून वरपर्यंत भराभर क्रम लिहिला, आणि मीही तो बरोबर धरणार होते.

तेवढ्यात एका मुलीने विचारले, ‘‘बाई, पण जांभा इथं आणून टाकला कोणी? नदीनं?’’

उत्तर विहिरीबाहेरच्या ढिगाऱ्यात होते. तिथला एक गोल धोंडा उचलून फोडला, तर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी पिवळट साले हातात सुटून आली आणि आत मुठीएवढा काळाभोर, टणक गाभा उरला. जांभा कोणी आणून टाकलेला नाही. पावसाच्या पाण्याने याच काळ्या दगडातील सिलिका दीर्घकाळ धुऊन नेली व लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, त्यातून तो जागच्या जागी तयार झाला. ही झीज वरून खाली सरकते, म्हणजे दगडाला अगदी लागून असलेला भाग सर्वांत अलीकडे बदललेला असतो! स्टेनोंचा नियम साचलेल्या थरांचा आहे, झिजेचा नव्हे, हा भेद मी इतकी वर्षे पुरेशा स्पष्टपणे शिकवला नाही, याची आज फार खंत वाटली.

गोकाकच्या धबधब्यापाशी वालुकाश्माचे थर मात्र खरोखर वाळू साचून झालेले आहेत. आपल्या बेळगाव जिल्ह्यात अशा वालुकाश्मावर पुढे लाव्हा पसरलेला आढळतो. दोन्ही खडक एकमेकांना टेकलेले दिसले, तरी मधल्या कोट्यवधी वर्षांची नोंद तिथे नाही. बसाल्टचे, म्हणजे या लाव्हापासून झालेल्या काळ्या दगडाचे, सुमारे ६.६ कोटी वर्षे हे वय प्रयोगशाळेत मोजलेले आहे, नुसता क्रम पाहून ते कळत नाही, हेही मुलांना सांगायचे राहिले.

उद्या वहीतला ‘थरांचा क्रम लावा’ हा प्रश्न खोडून ‘आधी काय घडले, आणि ते कशावरून?’ असा लिहून देणार आहे. तो काळा गाभा मेजावर ठेवला आहे. साले त्या मुलीने डब्यात भरून घरी नेली.