चूलबंद आवतन

आमच्या लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात जेवणाचं आवतन दोन तऱ्हेचं असतं. एक माणशी: "घरातलं एक माणूस या." दुसरं चूलबंद. चूलबंद म्हटलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, जे कोणी असतील त्यांनी सगळ्यांनी पंगतीला यायचं. सांगणाऱ्याला घरात किती माणसं आहेत हे ठाऊक नसतं आणि असायची गरजही नसते. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असली तर ती येते, पोरगा पुण्याला गेलेला असला तर त्याचं पान वाढलं जात नाही.

कॉम्प्युटरच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे जिथं माउस बाजूला ठेवून हुकूम टाइप करावे लागतात त्या काळ्या खिडकीत, फाइलींना चूलबंद आवतन द्यायची खूण म्हणजे स्टार. माझं काम पावसाच्या आकड्यांचं. जिल्हावार, वर्षवार फाइली: बीड-२०१५, परभणी-२०१८, लातूर-२०१६, आणि प्रत्येकीच्या शेवटी सीएसव्हीचं शेपूट. ‘बीड*’ लिहिलं की बीडच्या सगळ्या फाइली हजर. ‘*-२०१६*’ लिहिलं की त्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या वर्षाच्या, मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांच्या.

आता हा स्टार उलगडतो कोण, हे नीट ध्यानात घेतलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. उलगडतो तो शेल, म्हणजे आपण टाइप केलेली ओळ वाचून योग्य त्या हुकमाला कामाला लावणारा प्रोग्रॅम. कॉपी करणारी सीपी, नाव बदलणारी एमव्ही, पुसून टाकणारी आरएम, यांतल्या एकीलाही स्टार दिसत नाही. शेल आधी जाऊन बघून येतो कोण कोण आहे, त्यांची नावं वर्णानुक्रमानं मांडतो आणि ती यादी हुकमाच्या हाती देतो. वाढप्याला पानावर बसलेली माणसं तेवढी दिसतात. आवतन माणशी होतं की चूलबंद, हे त्याला कोण सांगणार? युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजाच्या, पहिल्या आवृत्तीत, १९७१ साली, या कामासाठी ‘ग्लॉब’ नावाचा वेगळा प्रोग्रॅमच होता. पुढं ते काम शेलनं स्वतःच्या अंगावर घेतलं, पण वाटणी तीच राहिली: उलगडायचं शेलनं, राबायचं हुकमानं.

२०२३ मध्ये आमच्या दोन जिल्ह्यांची नावं बदलली. सरकारी पाट्या, बसचे फलक, शाळेचे दाखले यांचं जे व्हायचं ते झालं, पण फाइलींची नावं कोण बदलणार? माझा भाचा तिकडं संभाजीनगरात इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत हाताशी घेतला आणि म्हटलं, उस्मानाबादच्या सगळ्या फाइली धाराशिव कर. त्यानं सरळ लिहिलं: एमव्ही, उस्मानाबाद*, धाराशिव*. थोड्या वेळानं हाक आली.

"मामा, हे ऐकनाच गेलंय."

"काय म्हणायलंय?"

"शेवटचं नाव फोल्डरचं नाही म्हणायलंय. पण डॉसमध्ये तर असं व्हायचं म्हणतेत आमचे सर."

सर खरं तेच म्हणत होते. डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या त्या हुकूम टाइप करायच्या सिस्टिममध्ये, ‘आरईएन *.टीएक्सटी *.बीएके’ असं लिहिलं की सगळ्या फाइलींची शेपटं बदलायची. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आजही बदलतात. कारण तिथं स्टार उलगडायचं काम खुद्द हुकमाकडे आहे. पहिल्या स्टारला काय मिळालं ते त्याला माहीत असतं, म्हणून तेच तो दुसऱ्या स्टारच्या जागी बसवू शकतो. आमच्या वयाची जी मंडळी नव्वदच्या दशकात तालुक्याच्या क्लासमध्ये डॉस शिकली, त्यांच्या बोटांत ही सवय अजून आहे. लिनक्सवर मात्र दोन स्टार म्हणजे दोन वेगळी आवतनं. एकाला दुसऱ्याची खबर नसते. ‘धाराशिव*’ म्हटल्यावर शेल प्रामाणिकपणे धाराशिव नावाच्या फाइली शोधायला गेला. त्या अजून जन्मालाच यायच्या होत्या. कुणी भेटलं नाही की बॅश नावाचा शेल तो शब्द जसाच्या तसा, स्टारसकट, पुढं ढकलतो. झेडशेल जरा कडक. तो ‘जुळणारं काही नाही’ असं सांगून हुकूमच थांबवतो. मला झेडशेलचं वागणं जास्त पटतं. जे नाही ते नाही म्हणावं.

बॅशच्या भिडस्तपणाचा खरा धोका तर पुढंच आहे. समजा उस्मानाबादची एकच फाइल असती. मग एमव्हीला दोनच नावं मिळाली असती, एक जुनं आणि एक नवं, आणि तिनं काही कुरकुर न करता फाइलीचं नाव ‘धाराशिव*’ ठेवलं असतं. अक्षरशः. स्टार नावातच. युनिक्सला फाइलीच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. आणि ही वेडी फाइल पुसायला कुणी आरएम धाराशिव* असं लिहिलं, की तिच्याबरोबर धाराशिवचा सगळा पाऊस गेला. अशा वेळी नाव अवतरणचिन्हात घालायचं, म्हणजे शेल त्यातल्या स्टारला हात लावत नाही.

मग बरोबर कसं करायचं? फॉर लूप. उस्मानाबाद* एकदाच उलगडायचा, एकेक नाव व्हेरिएबलमध्ये, म्हणजे तात्पुरत्या डब्यात, घ्यायचं, त्याच्या पुढून ‘उस्मानाबाद’ कापायचं आणि उरलेल्याला ‘धाराशिव’ जोडायचं. पुढून कापायला # आणि मागून कापायला %. कोणतं कुठून, हे भाच्याच्या डोक्यात राहीना. त्याला म्हटलं, कीबोर्डकडे बघ: मधे डॉलर, त्याच्या डाव्या हाताला #, उजव्या हाताला %. डावं पुढून कापतं, उजवं मागून. त्यानंतर त्यानं विचारलं नाही.

याहून सुटसुटीत हत्यारंही आहेत. झेडशेलमध्ये झेडएमव्ही आहे. तिथं स्टारला कंस घातला की त्याला जे सापडेल ते $१ म्हणून नव्या नावात वापरता येतं, आणि दोन फाइलींचं नवं नाव एकच होत असेल तर ती कामाला हात लावायच्या आधीच थांबते. एमएमव्ही नावाचा जुना प्रोग्रॅमही हेच #१ लिहून करतो. दोन्हींकडे नमुना अवतरणचिन्हात द्यावा लागतो, शेलला मधे पडू द्यायचं नसतं म्हणून.

धाराशिव असं मार्गी लागलं. औरंगाबादनं मात्र वेगळंच काढलं. आठ जिल्ह्यांची जुनी नावं बघा, सगळी एकशब्दी. ‘छत्रपती संभाजीनगर’ या नावात मात्र मधे मोकळी जागा आहे. व्हेरिएबल अवतरणचिन्हाशिवाय लिहिलं की शेल त्या जागेवर नाव तोडतो, आणि हुकूम ‘छत्रपती’ नावाची एक आणि ‘संभाजीनगर-२०१५’ नावाची दुसरी अशा दोन फाइली शोधत बसतो. इतकी वर्षं आमच्या स्क्रिप्टांत अवतरणचिन्हं नव्हती आणि कुठं अडलं नव्हतं. आता ती सगळीकडे घालावी लागली. ती आधीपासूनच असायला हवी होती, हेही खरं.

पण भाच्याशी माझं खरं वाजलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. स्टारला एकदा भेटलेल्या फाइली पुढच्या हुकमात पुन्हा कशा वापरायच्या? त्याला कुठून तरी !$ ची युक्ती मिळाली होती. आधी एलएस परभणी* लिहून यादी डोळ्यांखालून घालायची, मग आरएम !$. उद्गारचिन्ह आणि डॉलर म्हणजे मागच्या ओळीतला शेवटचा शब्द. ही सोय बिल जॉय यांनी बर्कलेत लिहिलेल्या सी-शेलमधली, तिथून बॅशनं उचलली. दिसायला झकास: जे बघितलं तेच पुसलं. फक्त ते खरं नाही. !$ मागच्या ओळीतला शब्द आणतो तो टाइप केला होता तसा, म्हणजे ‘परभणी*’ असाच, आणि शेल तो आता नव्यानं उलगडतो. मधल्या काळात आपोआप चालणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टनं परभणीची ताजी फाइल आणून टाकली असेल, तर न बघितलेली तीही गेली. आणि मधे आपण दुसऱ्या फोल्डरमध्ये शिरलो असलो, तर तोच स्टार तिथलं परभणी गोळा करून आणतो. ऑल्ट दाबून टिंब दाबलं तरी शब्द असाच, न उलगडलेला येतो.

"मग $_ वापरू का?" भाचा म्हणाला.

$_ म्हणजे मागच्या हुकमाचा शेवटचा घटक, आणि हा मात्र उलगडल्यानंतरचा. त्यामुळं स्टारनं आठ फाइली आणल्या तरी $_ मध्ये राहते एकच, सगळ्यांत शेवटची. मी त्याला म्हटलं, एलएस *-२०२२* कर आणि पुढं इको $_ लिही. आलं: हिंगोली-२०२२. साल बदललं, पुन्हा हिंगोली. वर्णानुक्रमात ह शेवटी, त्याला कोण काय करणार. $_ च्या भरवशावर पुसापुशी करणाऱ्याच्या राज्यात हिंगोलीला कधीच पाऊस पडणार नाही. जाता जाता एक: पूर्वी या रांगेत पहिलं पान उस्मानाबादचं असायचं आणि दुसरं औरंगाबादचं. नावं बदलल्यावर पहिलं छत्रपती संभाजीनगर, दुसरं जालना, आणि धाराशिव तिसऱ्या पानावर सरकलं.

भाच्याचा मुद्दा होता की शेलनं हे लक्षात ठेवायला हवं. स्टार तोच आहे ना, मग उत्तरही तेच हवं. मला ते पटत नाही. ‘मराठवाड्यातले जिल्हे’ हे दोनच शब्द घ्या. १९८० साली त्यांचं उत्तर पाच होतं: औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद. १९८१ ला औरंगाबादेतून जालना निघाला, १९८२ ला उस्मानाबादेतून लातूर, १९९९ ला परभणीतून हिंगोली. शब्द तेच, उत्तर आठ. आता १९८० च्या पावसाची बेरीज करायची असेल, तर तेव्हाचे पाच जिल्हे नावानिशी लिहून ठेवलेले हवेत. ‘मराठवाड्यातले जिल्हे’ हे शब्द कितीही वेळा उच्चारले तरी ते पाच काही परत येत नाहीत. शेलनं मागचं उत्तर मनात धरून ठेवलं असतं, तर उद्या नवी फाइल आली की लोक म्हणाले असते, स्टार लिहूनही हिला का घेत नाही?

तेव्हा जे भेटले तेच परत हवे असतील, तर ते भेटले त्या क्षणीच यादी करून ठेवायची. बॅशमध्ये त्यासाठी अ‍ॅरे आहे: यादीचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि कंसात स्टार. स्टार त्याच क्षणी उलगडतो आणि नावं गोठतात. मग तीच यादी आधी बघा, मग तिची कॉपी घ्या, मग पुसा; मधे कितीही फाइली येवोत. जुन्या साध्या शेलमध्ये अ‍ॅरे नाही, तिथं सेट आणि दोन आडव्या रेघा लिहून पुढं स्टार द्यायचा, की नावं $@ मध्ये जाऊन बसतात. अर्थात अवतरणचिन्हात, छत्रपती संभाजीनगरची आठवण ठेवून.

यादीचा व्याप नको असेल तर मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट कंट्रोल-एक्स आणि त्यावर स्टार. ओळीत परभणी* लिहून, एंटर न दाबता, हे दाबायचं. बॅश तिथल्या तिथं स्टार काढून त्या जागी खरी नावं लिहितो. झेडशेलमध्ये नुसत्या टॅबनं हे होतं. आता ओळीत आवतन नाही, माणसं आहेत. एखादं नाव नको असेल तर खोडा. आणि ओळ चालवली की इतिहासातही नावंच जातात, स्टार नाही. पुसायच्या आधी मी हे केल्याशिवाय राहत नाही. भाच्याला ते म्हातारपणाचं लक्षण वाटतं.

स्टारचा धाकटा भाऊ प्रश्नचिन्ह, तो एकाच अक्षराच्या जागी बसतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक इंग्रजी मुळाक्षरांसाठी लिहिलेलं. भाच्यानं बीड म्हणून दोन प्रश्नचिन्हं दिली, काही सापडलं नाही. बीडला तीन लागतात: ब, त्याची वेलांटी आणि ड. शेल मोजतो युनिकोडचे सांकेतांक, म्हणजे लिपीतल्या प्रत्येक खुणेला दिलेले नंबर, आपली अक्षरं नव्हेत, आणि काना-वेलांटी-अनुस्वार यांना स्वतंत्र सांकेतांक असतो. या हिशेबानं लातूर, जालना आणि परभणी पाच-पाच, नांदेड सहा, हिंगोली आणि धाराशिव सात-सात. पाच प्रश्नचिन्हं देऊन पुढं -२०१५* लिहिलं की लातूर, जालना, परभणी हे तिघं एकत्र येतात, जे कुठल्याही आयुक्तानं कधी एकत्र बोलावले नसतील. आणि शेलची भाषा युनिकोडची नसून जुनी असेल तर तो बाइट मोजतो, मग एवढ्याशा बीडला नऊ लागतात.

याहून छळणारा आहे तो ऱ्या. ‘शेतकऱ्यांच्या नोंदी’ नावाच्या फाइली आमच्याकडे दोन माणसं बनवतात. एकाच्या कीबोर्डवर ऱ्या होतो टिंबवाल्या ऱ ला हलन्त लावून. दुसऱ्याच्या साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा जोडखिळा लावून. पडद्यावर दोन्ही नावं सारखीच दिसतात, शेलला मात्र ती दोन वेगळी माणसं. एकानं लिहिलेला नमुना दुसऱ्याच्या फाइलींना सापडत नाही, आणि दोघंही शपथेवर सांगतात की आपण बरोबर लिहिलंय. दोघांना एकच कीबोर्ड घ्यायला लावण्याचा मार्ग मी पाहिला. त्यापेक्षा ‘शेतक*यांच्या*’ असं लिहिणं सोपं पडतं.